गार्डकाकांच्या पेटीचं अस्तर

"नाताळच्या अंकात काहीतरी चांगलं लिहा, पेट्यांचं लिहू नका," असं माझ्या सुनेनं मला बजावलं, तेव्हाच मी ठरवलं की पेट्यांचंच लिहायचं.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अंकाचे संपादक घरी येऊन गेले. म्हणाले, "मार्थाआजी, तुम्ही आयुष्यभर काम केलंत, त्यातलं काही सांगा." त्यांच्या मनात रविवारची शाळा असणार. ती मी चालवली, पण तिथं मुलं झोपत आणि मी बोलत असे, त्यात सांगण्यासारखं काय? माझं खरं काम वेगळं. आमच्यात माणूस गेला की त्याला लाकडी पेटीत ठेवून पुरतात. ती पेटी आमचे मिस्तरी, म्हणजे माझे यजमान दानिएल, बनवत. मी तिला आतून अस्तर लावत असे, कडेनं झालर चढवत असे आणि डोक्याखालची उशी शिवत असे. सदरमधल्या आमच्या दुकानातून निघालेली माणसं आज नागपूरच्या मातीत जिथं-तिथं निजली आहेत. एकानंही परत येऊन तक्रार केलेली नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलाचं नागपूरला फर्निचरचं दुकान आहे. अमरावतीच्या बोर्डिंगात शिकलेली मी. डोळ्यांपुढे दिवाण, शोकेस, आरशाचं कपाट. नागपूरला आल्यावर पहिल्याच सकाळी मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, कौतुकानं दुकान दाखवायला नेलं. एका भिंतीशी संत्र्यांचे खोके रचलेले, कारण हंगामात बागाइतदारांचं तेही काम असे. दुसऱ्या भिंतीशी पेट्या उभ्या करून ठेवलेल्या. मी पदर सावरून विचारलं, "आणि खुर्च्या कुठं असतात?"

मामंजी म्हणाले, "बसाचं काम नाई वं पोरी आपल्याइथं. आपल्याइथं सारं निजाचं."

मी आठ दिवस माहेरी जायचं बोलत होते. मग रडून कंटाळा आला, आणि शिवणयंत्र चांगलं होतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, चार फळ्या ठोकल्या की झाली पेटी. तसं नसतं. पेटी खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती. बाजूची फळी खांद्यापाशी वळवायची तर आतून करवतीनं बारीक खाचा पाडायच्या, त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि फळी दमादमानं वाकवायची. घाई केली की ती मोडते. सांध्यांत राळ भरायची. मग तळाला रंधा मारताना निघालेल्या सालपटांचा मऊ थर, त्यावर मांजरपाट ताणून बारीक चुका ठोकायच्या. अस्तर मात्र अगदी शेवटी, माणूस गेल्यावरच. आधी लावून ठेवलं तर पिवळं पडतं आणि झुरळं खातात. माप सुतळीनं घ्यायचं, डोक्यापाशी गाठ, पायापाशी गाठ, आणि घरच्यांच्या देखत नाही. मिस्तरींना पुढंपुढं सुतळीही लागेना. उभा माणूस पाहिला की त्यांना माप कळे. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत त्यांच्यासमोर कोणी बसत नसे. "दानिएल, मायाकडं असा नको पाहू गा," म्हणत लोक ताट घेऊन उठत. आणि गिऱ्हाइकाला "पुन्हा या" म्हणायचं नाही, ही आमच्या दुकानाची रीत.

आता माझ्याबद्दल. त्या वयातली मार्था तुम्हाला भेटली असती तर तुम्ही रस्ता बदलला असता. पवित्र शास्त्राच्या परीक्षेत बक्षीस मिळालेली पोरगी. तिला वाटे, न्यायाच्या दिवशी प्रभू सिंहासनावर बसेल आणि निवाडा सांगण्याआधी एकदा तिच्याकडे वळून पाहील. अस्तर लावता लावता मी मेलेल्यांची परीक्षा घेत असे. हा वर जाणार. ही जाईल, पण तिला जरा थांबवतील. ह्याचं काही खरं नाही. आणि ज्याचं जगणं मला पटलेलं नसे, त्याच्या झालरीला मी चुण्या कमी घालत असे. सावकारकी करणारे एक गृहस्थ होते, त्यांची झालर तर मी सरळ फडक्यासारखी सपाट लावली.

मामंजींच्या ते लक्षात आलं. ते ओरडले नाहीत. ती झालर त्यांनी उसवली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "चुन्या साऱ्याले सारख्या. तू शिवनारी होय वं. तराजू तुया हाती देल्ला नाई कोनी."

दुसऱ्यांदा त्यांनी माझी जिरवली ती उशीवरून. मेलेल्या माणसाला उशी कशाला, कापड वाया, असं मी म्हटलं. आमच्यात 'मेला' म्हणत नाहीत, 'प्रभूमध्ये निजला' म्हणतात, हे मला बक्षीस मिळण्याइतकं पाठ होतं, पण त्याचा अर्थ मामंजींना कळला होता. ते म्हणाले, "निजनाऱ्याले उशी लागते. उठवनारा येईन तवा मान अवघडलेली नको." त्यानंतर मी एकही उशी कडक शिवली नाही.

मामंजींची आणखी एक रीत होती, ती आमच्याच दुकानाची. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, शेवटचं गीत झालं की झाकण लावायला पेटीवाल्याला पुढे बोलावतात. मामंजी झाकण हातात घेत, सगळ्यांकडे पाहत आणि विचारत, "कोनी भेटाचं राहिलं का?" कोणी 'थांबा' म्हटलं तर थांबत. उन्हाळा असो, पाळकसाहेब घड्याळ पाहोत, ते थांबत. मामंजी गेले तेव्हा हा प्रश्न त्यांच्या पेटीशी उभं राहून मिस्तरींनी विचारला, आणि पुढं तो आमच्याकडेच राहिला.

ह्या प्रश्नामुळेच गार्डकाका आमच्या दुकानात आले.

गार्डकाका म्हणजे यशवंतराव. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बायको नाही, मूल नाही, अजनीच्या बाजूला छोटं घर. उंच, ताठ, मिशा हिरव्या झेंडीसारख्या कायम फडकायला तयार. एका सकाळी ते दुकानात आले आणि म्हणाले, "दानिएल, माझी पेटी करायची आहे. माप घे."

मिस्तरींच्या हातातला रंधा थांबला. "जित्या मानसाचं माप नाई घेत आमी, काका."

"अरे, गाडी सुटायच्या आधी गार्ड डबे पाहून घेतो का नाही? ही माझी गाडी, माझा डबा. मी पाहून घेणार. मागून लोक घाई करतात. मले घाई नको."

'मले घाई नको' हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून मी शिवणयंत्रामागून मान वर काढली. ह्यात काहीतरी आहे, हे मला कळलं. मला सगळ्यांचं सगळं कळून घ्यायचं असे.

पेटी झाली. अस्तर सोडून बाकी सगळी. गार्डकाका पाहायला आले. बाहेरून ठोकून पाहिली, सांध्यांतून बोट फिरवलं, मग चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन आडवे झाले. "सूनबाई, झाकण टेकव जरा. नाकाला लागतं का पाहतो." मी झाकण टेकवलं.

नेमका त्याच वेळी नरखेडकडचा एक बागाइतदार खोक्यांची ऑर्डर द्यायला आला. उन्हातून आलेला, टेकायला जागा पाहत होता. झाकणावर हात टेकून म्हणाला, "बाई, अंबिया बहाराचे खोके पायजे."

आतून आवाज आला, "हात काढ. गुदमरून राहिलो."

आणि झाकण वर उचलत गार्डकाका मिशांसकट उठून बसले.

तो माणूस किंचाळला नाही. किंचाळायला थांबावं लागतं. त्याची एक चप्पल आमच्या उंबऱ्यावर राहिली. पुढच्या आठवड्यात तो आला, पण रस्त्याच्या पलीकडून हाक मारून: "बाई! आत कोन कोन जितं हाय, ते आधी सांगा!" खोके त्यानं आमच्याकडूनच घेतले. पण दुकानात पाय ठेवला नाही तो नाहीच.

त्या दिवशी हसून हसून पोट दुखल्यावर गार्डकाका पेटीच्या काठावर बसले, चहा घेतला, आणि मी वेळ साधली. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा पेला. मनात कोणाचं वैर असेल तर ते आधी मिटवायचं, मगच हात पुढे करायचा, अशी शिस्त. गार्डकाका मागच्या बाकावर बसत आणि भाकरीची थाळी फिरायला लागली की हळूच उठून बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहत. वर्षानुवर्षं. सगळ्यांना दिसे, कोणी विचारत नसे. मी विचारलं.

"काका, तुम्ही थाळी आली की बाहेर काहून जाता?"

मिस्तरींनी डोळे वटारले. गार्डकाका मात्र शांतपणे म्हणाले, "माझा भाऊ आहे खाप्याला. प्रभुदास. सायकली दुरुस्त करतो. त्यानं माझ्या आईले मले न दाखवता पुरलं."

मग सगळं सांगितलं. भर उन्हाळ्यात आई खाप्याला गेली तेव्हा ते मालगाडीवर होते. निरोप एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर त्यांच्या मागं फिरत राहिला. ते खाप्याला पोचले तेव्हा कबरीवर ताजी माती होती. "मी म्हटलं, उकर. मले तोंड पाहू दे. तो म्हणे, दादा, आता कसं उकरू. त्या दिवशी त्याले सांगितलं, तू माझा कोणी नाही." पेला खाली ठेवून ते म्हणाले, "तुझा सासरा झाकण लावायच्या आधी विचारायचा ना, कोणी राहिलं का? तिथं विचारणारं कोणी नव्हतं. म्हणून पेटी तुमच्याकडून."

ह्यावर शहाण्या बाईनं गप्प बसायचं असतं. मी अर्धा तास बोलले. क्षमा, न्यायाचा दिवस, तारलेले उजवीकडे, बाकीचे डावीकडे. देवासमोर सगळ्यांच्या कृत्यांचं पुस्तक कसं उघडेल, हे मी असं सांगितलं की जणू बांधणी मीच केली आहे. शेवटी म्हटलं, "असं मन घेऊन गेलात काका, तर तिथं दारातच अडवतील."

गार्डकाका उभे राहिले. चपला घातल्या. "सूनबाई, तू तिथली टी. सी. आहेस का?"

पेटी त्यांनी ठेल्यावर घालून घरी नेली. मिस्तरी ठेला दिसेनासा होईपर्यंत दारात उभे राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "बोर्डिंगवाल्याईनं बक्षीस देल्लं, पन तोंडाले झाकन नाई देल्लं."

त्यानंतर बरेच दिवस गार्डकाका मला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दिसले की मान फिरवत. थाळी आली की पुन्हा कडुनिंबाखाली. मला राग यायचा, मग वाईट वाटायचं, मग पुन्हा राग यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. मेडिकलच्या इस्पितळातून परत आले तेव्हा मी पेज घेऊन गेले. मिशा पडलेल्या होत्या. पेटी व्हरांड्यात भिंतीला लागून ठेवलेली. मी काही बोलले नाही, ह्याचीच त्यांना भीती वाटली असावी, कारण तेच बोलायला लागले.

"सूनबाई, मले मरायची भीती नाही. तिकडं आहे, मले ठाऊक आहे. आई तिथं स्टेशनावर उभी असेल. ती नेहमी उभी राहायची, माझी गाडी खाप्याकडं जात नसली तरी. मी उतरलो की ती काय विचारेल? बरा आहेस का, असं नाही विचारणार. विचारेल, धाकटा कुठं आहे? त्याच्याशी बोलतोस ना?" ते पेजेकडे पाहत राहिले. "काय सांगू? देवाला सांगता येईल काहीतरी. आईला काय सांगू?"

मी टी. सी. वगैरे सगळं विसरले. म्हटलं, "मग जाऊन या ना खाप्याला. खाप्याच्या रस्त्यावर यष्ट्या काय कमी आहेत?"

"मी नाही जाणार. तो आला तर दार लावणार नाही. इतकं करीन."

"तो आला होता का कधी?"

"आला होता. लावलं होतं दार."

घरी आले आणि मिस्तरींना सांगितलं. ते म्हणाले, "मंग खाप्याच्या कंडक्टरले सांगून दे. तो रोज प्रभुदासच्या दुकानापुढून जाते." कंडक्टर आमच्या गल्लीतला, निरोप पोचवण्यात पक्का, मात्र लांबलचक निरोप त्याच्या डोक्यात राहत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले. गाडी सुटायला आलेली. मी खिडकीशी जाऊन सांगितलं, "खाप्याला सायकलवाल्या प्रभुदासांना सांगा, तुमचे मोठे भाऊ यशवंतराव, त्यांची पेटी आमच्या दुकानातून तयार होऊन घरी गेली आहे. भेटायला यायचं तर या."

ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पेटी आम्हीच केली होती, तयार होऊन घरी गेली होती, वर्ष झालं असेल नसेल. कंडक्टरनं टोपी काढली आणि म्हणाला, "अरेरे." मी काहीच म्हणाले नाही. गाडी सुटली.

त्याच दुपारी मी गार्डकाकांकडे गेले. मनात धाकधूक होती, म्हणून सोबत मिस्तरींना नेलं, काही झालं तर त्यांना पुढं करायला. गार्डकाका आत दाढी करत होते. आम्ही व्हरांड्यात टेकतो तोच सायकलरिक्षा थांबली. तिच्यातून एक बुटका, टक्कल पडलेला माणूस उतरला. हातात पांढऱ्या फुलांचा हार, काखेत गाठोडं. त्यानं पेटी पाहिली. झाकण लावलेली पेटी. आणि तो तिच्यावर कोसळलाच.

"लावलं? लावलंच का झाकन? उघडा! मले तोंड पाहू द्या! मी राहिलो ना! दादा, मी राहिलो ना बाप्पा!"

तो झाकणावर हात मारत होता. हेच शब्द खाप्याला, मातीच्या ढिगाऱ्यापाशी, दुसऱ्या तोंडून निघाले होते.

आतून गार्डकाका आले. बनियन, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालाला साबणाचा फेस. दारातच थांबले. प्रभुदासांना ते दिसलेच नाहीत, त्यांनी दोन्ही हातांनी झाकण उचलून बाजूला सारलं.

आंब्यांचा घमघमाट सुटला. आत, सालपटांवर गवत पसरून गार्डकाकांनी आंबे पिकत घातले होते. खांद्यापासून पायापर्यंत पिवळेजर्द आंबे.

प्रभुदास आंब्यांकडे पाहत राहिले. मग वर पाहिलं.

"तू जिता हायस?"

"मग? तुले विचारून मरायचं होतं का?"

"अबे, मी रडत आलो ना खाप्यापासून! सावनेरपासून साऱ्या यष्टीले रडवलं!"

"कोणी सांगितलं होतं रडायले?"

मी मिस्तरींच्या मागं सरकले.

प्रभुदास पेटीच्या काठावर बसले. हार आंब्यांवर ठेवला. त्यांचा आवाज एकदम उतरला. "दादा, मी संध्याकाळवरी थांबलो होतो त्या दिवशी. बर्फ भेटला नाई खाप्यात. मग मायनंच सांगितलं होतं जायच्या आधी, ते मनात धरलं. माय म्हने, यशवंताच्या गाडीचा काई भरोसा नाई. त्याच्यासाठी मले ठेवू नको. त्याले म्हन, धावपळ करत येऊ नको, मी तिकडं स्टेशनावर आहोच."

गार्डकाकांच्या गालावरचा फेस वाळत होता.

"हे तू मले इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?"

"दार लावून सांगू का? येत होतो ना मी. तू कडी लावत होता."

गार्डकाका पुढे आले आणि भावाच्या शेजारी, पेटीच्या काठावर बसले. त्यांनी आत हात घातला, एक आंबा उचलला, दाबून पाहिला, आणि प्रभुदासांच्या हातात दिला. "हा झाला आहे. खा."

मिस्तरींनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "काय निरोप धाडला होता तू?" मी सांगितला. ते बराच वेळ चालत राहिले. मग एकाएकी रस्त्यात उभे राहून असे हसायला लागले की मागून येणारा टांगा थांबला.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला दोघं भाऊ पुढच्या बाकावर होते. प्रभुदास त्यासाठी मुद्दाम खाप्याहून आले होते. थाळी आली तेव्हा गार्डकाकांनी सवयीनं उठायला गुडघे सरळ केले. प्रभुदासांनी त्यांचा सदरा खाली ओढला. गार्डकाकांनी भाकरीचा तुकडा घेतला. मला आत्तापर्यंतच्या सगळ्या नाताळांपेक्षा तो रविवार जास्त आठवतो.

गार्डकाका त्यानंतर पुष्कळ जगले. डॉक्टर थक्क झाले, मिस्तरी म्हणाले लाकूड चांगलं वापरलं होतं. दर उन्हाळ्यात पेटीत आंबे पिकत, आणि टोपलीभर आमच्याकडे येत. पहिल्या वर्षी आंबा माझ्या घशाखाली उतरेना. मग वास आला आणि उतरला. आता विकतच्या आंब्यात मला ती गोडी लागत नाही, असं म्हटलं की सून खोलीतून निघून जाते.

ते गेले हिवाळ्यात, झोपेत, मिशा जागेवर ठेवून. मी अस्तराचं कापड घेऊन गेले तेव्हा प्रभुदास आधीच आले होते. काखेत तेच गाठोडं. त्या दुपारी उघडायचं राहून गेलं होतं ते. त्यात त्यांच्या आईचं लुगडं होतं, हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. "तवा दादाच्या अंगावर घालाले आनलं होतं. आता अस्तर लाव, बाई." मी कात्री घेतली तर म्हणाले, "सारं नको लावू. अर्धं ठेव. मलेही लागन."

नऊवारी लुगडं दोन पेट्यांना पुरतं, झालरीसकट. मी काटेकोर अर्धं केलं. गार्डकाकांच्या झालरीला मी इतक्या चुण्या घातल्या की मिस्तरींना झाकण बसवताना त्या आत ढकलाव्या लागल्या. मामंजी असते तर उसवलं असतं त्यांनी.

झाकण हातात घेऊन मिस्तरींनी विचारलं, "कोनी भेटाचं राहिलं का?"

प्रभुदासांनी भावाच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाई. कोनी नाई राहिलं. लावा."

उरलेलं अर्धं लुगडं मी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवलं. प्रभुदास नागपूरला आले की दुकानात डोकावत. "माझं अर्धं हाय ना, बाई? झुरळायनं खाल्लं तर नाई?" मी ट्रंक उघडून दाखवत असे. ते चहा घेत आणि जात. त्यांना मात्र मी न चुकता "पुन्हा या" म्हणत असे. दुकानाची रीत मोडली, तर मोडली. मग एका पावसाळ्यात खाप्याहून तोच कंडक्टर निरोप घेऊन आला. ह्या खेपेला मी त्याला दोनदा खोदून विचारलं. निरोप खरा होता. ती पेटीही आमचीच, आणि अस्तर हिरवं.

आता मिस्तरीही निजले आहेत. त्यांची उशी मी माझ्या हातानं शिवली. दुकान गेलं, त्या जागी मोबाइल विकतात. पेट्या तयार मिळतात, पॉलिश केलेल्या, आत चकचकीत साटीन. छान असतात. पण झाकण लावताना कोणी काही विचारत नाही, पटकन स्क्रू फिरवतात. तेवढं मला खुपतं. मी मनीषनगरात मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर असते. पायऱ्या उतरणं होत नाही, म्हणून ज्यांच्याशी बोलायचं ते सगळं फोनवर बोलून घेते, भांडणं धरून. माझी उशी शिवून तयार आहे. सुनेला ती कपाटात दिसली की ती लपवते, मी पुन्हा काढते.

तिथं मलाही विचारलं जाईलच. चुण्यांचं विचारतील, त्या सावकाराची माफी मी मागेन. पण मला ठाऊक आहे, मुख्य प्रश्न निरोपाचा असेल: मार्था, माणूस जिवंत होता, तू 'जिवंत आहे' एवढं का नाही सांगितलंस? विसरलीस, का मुद्दाम? मिस्तरींनीही मला शेवटपर्यंत हेच विचारलं आणि मी त्यांनाही सांगितलं नाही, तर तुम्हाला काय सांगणार. जिथं सांगायचं तिथं सांगेन. भीती वाटत नाही. माझे दोन साक्षीदार आधीच तिथं पोचले आहेत, आणि शेजारी शेजारी बसले आहेत.